साठ टक्क्यांची बर्बन कशी चाखावी, कशी जोखावी

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के हा आकडा असतो. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही, असा अडनिडा आकडा कशासाठी? इंग्रजांच्या काळात स्पिरिटची ताकद ‘प्रूफ’मध्ये मोजत. बंदुकीची दारू स्पिरिटमध्ये भिजवायची आणि काडी लावायची. पेटली तर माल खरा. ही सीमा पुढे मापाने ठरवली गेली ती ५७.१ टक्के अल्कोहोलवर, आणि तिला १०० प्रूफ म्हणू लागले. त्याच्या पाऊणपट ७५ प्रूफ, म्हणजेच ४२.८ टक्के. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट होते तेव्हा लॅबमध्ये हीच भाषा चालायची. बाटलीत भरायचा माल २५ यू.पी. (अंडर प्रूफ, शंभराच्या २५ खाली), टाकीतलं रेक्टिफाइड स्पिरिट ६६ ओ.पी. (ओव्हर प्रूफ, शंभराच्या ६६ वर).

अमेरिकेचं प्रूफ वेगळं आहे. तिथे टक्केवारीची सरळ दुप्पट करतात. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, बाटलीवर १२० प्रूफ लिहिलं असेल तर आत ६० टक्के अल्कोहोल आहे. इंग्रजी मापाने तीच बाटली १०५ प्रूफ ठरेल. म्हणून जुन्या मंडळींशी बोलताना प्रूफ सोडून टक्क्यांतच बोलावं, घोटाळा होत नाही.

हा हिशेब आधी करायचं कारण व्यवहारी आहे. ६० टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये १८ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीतून तेवढंच अल्कोहोल घ्यायचं तर ४२ मिली लागेल. ‘दोनच पेग घेतले’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात जवळजवळ तीन घेतलेले असतात. मी चव घेताना एका व्हिस्कीचे १५ मिली ओतते, एका बैठकीला दोनपेक्षा जास्त व्हिस्की ठेवत नाही आणि बरेचसे घोट थुंकते. लॅबमध्ये थुंकण्यात कुणाला काही वाटत नाही, घरीही वाटू नये. टेबलावर एक स्टीलचं पातेलं ठेवायचं. गाडी चालवणाऱ्याने बसूच नये. महाराष्ट्रात २५ वर्षांखालच्या कुणाला ही बाटली द्यायची नाही, आणि पिण्याचा परवानाही लागतो.

लेबल सावकाश वाचा

बर्बनच्या व्याख्येत मोघम काही नाही. ती अमेरिकेतच बनली पाहिजे. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. उरलेल्यात राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) किंवा गहू, आणि मोड आणून वाळवलेला थोडा सातू. ऊर्ध्वपातन ८० टक्क्यांच्या वर न्यायचं नाही. मग ती कोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या पिंपात भरायची, आणि भरताना ताकद ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. रंग घालायचा नाही, स्वाद घालायचा नाही. पाणी तेवढं चालतं. १९६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने बर्बनला देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली.

यातली ८० टक्क्यांची अट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे मळीपासून ९५ टक्क्यांपर्यंतचं स्पिरिट निघायचं आणि त्यात उसाचा मागमूस उरू नये हीच कसोटी होती. बर्बनवाले मुद्दाम अलीकडे थांबतात, कारण त्यांना मका ग्लासपर्यंत पोहोचवायचा असतो. आणि बाहेरून रंग घालायला बंदी असल्यामुळे ग्लासात दिसणारा तांबूस रंग लाकडातूनच आलेला असतो. कॅरॅमल घातलेल्या व्हिस्कीचा रंग पाहून काहीच कळत नाही. बर्बनचा रंग मात्र पिंपाबद्दल आणि पाण्याबद्दल खरी माहिती देतो.

भरताना ६२.५ ची मर्यादा असेल तर बाटलीत ६५ टक्के कसे येतात? अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली बर्बनची गोदामं अनेक मजली असतात आणि उन्हाळ्यात वरचे मजले तापतात. तिथल्या कोरड्या उष्णतेत लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त वेगाने उडतं, आणि मागे उरलेली व्हिस्की वर्षागणिक कडक होत जाते. स्कॉटलंडच्या थंड, ओलसर हवेत उलट घडतं, ताकद उतरते. ‘बॅरल प्रूफ’ लिहिलेलं असेल तर पिंपातून निघाली जवळजवळ तशीच ती बाटलीत भरली आहे असं समजायचं. काही बाटल्या ७० टक्क्यांच्याही वर जातात. त्या विमानातून आणता येत नाहीत, प्रवासी सामानासाठी ७० ही वरची हद्द आहे.

पिंप भरतानाची ताकद लेबलवर नसते, पण काही डिस्टिलऱ्या ती उघड सांगतात. वाइल्ड टर्की ५७.५ टक्क्यांना भरते, मेकर्स मार्क ५५ ला. कमी ताकदीने भरलं की पिंपं जास्त लागतात, जागा जास्त लागते, खर्च वाढतो. पण बाटलीत भरताना नंतर घालायचं पाणी कमी होतं, आणि लाकडातली साखरेसारखी गोडी पाण्यात जास्त चांगली विरघळते. म्हणून ५५-५८ टक्क्यांची बॅरल प्रूफ बाटली ६५ वाल्या बाटलीपेक्षा दुबळी मानू नका.

‘स्ट्रेट’ म्हणजे निदान दोन वर्षं पिंपात. चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय लिहिणं बंधनकारक आहे. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का १८९७ च्या कायद्यातून आला. एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान चार वर्षं, आणि बाटलीत बरोबर ५० टक्के. भेसळीच्या बजबजपुरीवर तो उपाय होता. कडक बर्बन पहिल्यांदाच चाखणाऱ्याने या पन्नासवाल्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. जीभ एकदा पन्नासला सरावली की मग साठकडे जा.

सांगलीत मी चाखलेल्या कडक बाटल्या बहुतेक कुणीतरी बाहेरून आणलेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणलं, तरी किंमत हलकी नाही. माझा भाचा ह्यूस्टनला असतो, त्याला मी नावं लिहून देते. वाइल्ड टर्कीची रेअर ब्रीड ५८.४ टक्क्यांची आहे आणि तिच्यातली राय मिरीसारखी टोचते. मेकर्स मार्कच्या कास्क स्ट्रेंथमध्ये (बॅरल प्रूफचंच दुसरं नाव) रायच्या जागी गहू, म्हणून ती त्या मानाने मऊ. बुकर्स ही जिम बीमची, न गाळलेली, साधारण साठ-त्रेसष्ट टक्क्यांत असते. एलायजा क्रेग बॅरल प्रूफवर बॅचचा संकेत असतो: बी ५२३ म्हणजे त्या वर्षाची दुसरी बॅच, मे महिना, साल २०२३. बॅच बदलली की टक्के बदलतात, चवही बदलते. कुणी ‘एलायजा क्रेग प्यायलो’ म्हणालं तर मी आधी बॅच विचारते.

सांगलीची हवा आणि सांगलीचं पाणी

चाखण्याबद्दलचे सल्ले थंड देशांतून येतात आणि त्यांत ‘खोलीचं तापमान’ असं लिहिलेलं असतं. आमच्या विश्रामबागेतल्या खोलीचं तापमान एप्रिलमध्ये दुपारी चाळिशीला टेकतं. शुद्ध अल्कोहोलचा बाष्पदाब २० अंशांना जेवढा असतो त्याच्या जवळपास तिप्पट ४० अंशांना होतो. म्हणजे त्या दुपारी ग्लास नाकाजवळ नेला की वाफेचा लोट येतो आणि बाकी सगळे वास त्याच्याखाली दडपले जातात. व्हिस्की चांगली असूनही ‘नुसतं स्पिरिट’ वाटते.

त्यामुळे बाटली कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा आणि दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंतच्या संध्याकाळांसाठी राखून ठेवा. उन्हाळ्यातच चाखायची असेल तर ओतलेला ग्लास माठातल्या पाण्याच्या वाडग्यात दहा मिनिटं बसवा. वीस ते चोवीस अंश पुरेत. फ्रिज नको आणि बर्फ तर नकोच. थंडीने वास गोठतात, आणि जे पारखायचं तेच नाहीसं होतं. पंखा बंद ठेवायचा, तो ग्लासाच्या तोंडावरचा वास उडवून नेतो. देव्हाऱ्यात उदबत्ती लागलेली नसावी, स्वयंपाकघरात फोडणी पडलेली नसावी, अंगाला अत्तर नसावं. समई, सिगारेट किंवा गॅस जवळ असेल तर जागा बदला. साठ टक्क्यांची व्हिस्की आपल्याकडच्या रोजच्या तापमानाला ठिणगीने पेटते.

पाण्याबद्दल मी फार काटेकोर आहे. मिरज-सांगली पट्ट्यात बोअरचं पाणी क्षारांचं असतं, आणि पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. बर्बनमध्ये असं पाणी पडलं की चव बोथट होते आणि दोष व्हिस्कीच्या माथी बसतो. आर.ओ.चं किंवा बाटलीचं पाणी घ्या, व्हिस्कीत घालायला आणि मध्ये तोंड धुवायलाही तेच.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा छोटा ग्लास यासाठीच बनवलेला आहे. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल. सरळ उभा, रुंद तोंडाचा व्हिस्कीचा ग्लास बर्फ घालून पिण्यासाठी ठीक, पारखायला निरुपयोगी. मोजायला मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा. एवढंच साहित्य.

नाक तयार करायला मार्केट यार्ड

बर्बनची वर्णनं वाचली की त्यात मेपल सिरप, चेरी पाय, बटरस्कॉच असे शब्द येतात. ज्या वस्तूचा वास तुम्ही लहानपणापासून घेतलेला नाही, ती ग्लासात ओळखता येणार नाही. आपल्याकडचे वास आपल्याला पाठ आहेत, तेच वापरायचे. आणि सांगलीइतकं सोयीचं गाव यासाठी दुसरं सापडणार नाही.

मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर जा. ताज्या पिवळ्या ढेपेचा वास वेगळा, मुरलेल्या काळसर गुळाचा वेगळा, आणि काकवीचा त्याहून खोल. पिंप आतून जाळताना लाकडातल्या हेमिसेल्युलोजची साखर करपते आणि बर्बनमध्ये नेमकी हीच गुळाची मालिका उतरते. हलक्या बर्बनमध्ये पिवळा गूळ, जुन्या कडक बर्बनमध्ये कढईच्या तळाला लागलेली काकवी. पुढे तासगावचे बेदाणे. पोत्याचं तोंड उघडल्यावर येणारा आंबूस-गोड दर्प नीट लक्षात ठेवा, दहा-बारा वर्षांच्या बर्बनमध्ये तो भेटतो. घरी आल्यावर सुक्या खोबऱ्याची वाटी हुंगा. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं भरपूर असतात आणि त्यांचा वास खोबऱ्याचा येतो. लवंग चावून पाहा. लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं, त्यामुळे बर्बनमधली लवंग हा कल्पनेचा खेळ नाही, द्रव्यच तेच आहे. व्हॅनिलाचंही तसंच. लाकडातलं लिग्निन उष्णतेने फुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होतं.

लाकडासाठी मिरजेला जा. सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याच्या भोपळ्याला लाकडाची तबली बसवताना ताशीव लाकडाचा कोरा वास असतो, आणि पलीकडे पॉलिश चाललेलं असतं. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं. तो झणका ओळखून ठेवा, कारण बर्बनमध्ये तो सापडला तर गुण कापायचे आहेत. वाटेत कोल्हापुरी चपलांच्या दुकानात नवा जोड नाकाशी धरा. जुन्या बर्बनचं वर्णन करताना ‘कातडं’ म्हणतात ते हेच. भाजलेलं मक्याचं कणीस, भाजके शेंगदाणे, खारीक, दालचिनी, विड्याच्या पानातला कात, कोरा जर्दा यांचे वास तर घरात आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतात.

हे सगळं एका रविवारात उरकायची गरज नाही. बाजाराला जाल तेव्हा थांबून वास घ्यायची सवय लागली की पुरे.

हुंगणं

१५ मिली ओतल्यावर पंधरा मिनिटं ग्लासाला हात लावायचा नाही. कडक व्हिस्कीत पहिल्या वाफा अल्कोहोलच्या असतात, त्या जाऊ द्यायच्या. झाकण ठेवू नका. तोवर रंग पाहा, ग्लास तिरपा करून काचेवरून उतरणारे ओघळ पाहा. ओघळ जाड आणि संथ उतरले तर अल्कोहोल भरपूर आहे एवढंच कळतं. त्यावरून दर्जा ठरवणाऱ्यांचं मला पटत नाही.

ग्लास गरागरा फिरवू नका. वाइनची ही सवय कडक बर्बनमध्ये नडते, अल्कोहोल उसळून वर येतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि नाकाने हलका श्वास घ्या. तोंड उघडं असलं की वाफ नाकात कोंडत नाही. काही टोचलं नाही तर ग्लास ओठांपर्यंत आणा, मग नाकाच्या टोकापर्यंत. जिथे टोचायला लागेल तिथून बोटभर मागे घ्या. तीच त्या व्हिस्कीची जागा. आधी डावी नाकपुडी, मग उजवी. दोन्ही नाकपुड्या एका वेळी सारख्या मोकळ्या नसतात आणि दोघींना वेगळं काहीतरी मिळतं. मध्ये मनगटाचा वास घ्या, नाक पूर्ववत होतं.

वहीत पहिला शब्द लगेच लिहा. दुसऱ्याने काही उच्चारायच्या आधी लिहा. एकाने ‘काकवी’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना काकवीच येते. आमच्याकडे लिहून झाल्याशिवाय कुणी बोलत नाही, हा नियम मी भाच्यालाही मोडू देत नाही.

पहिला घोट आणि जाळ

भाच्याने पहिल्यांदा ग्लास उचलला आणि विचारलं, “मावशी, डायरेक्ट मारायची ना?”

“बस आधी. थेंबभर घे, जिभेवर ठेव आणि नाकाने श्वास सोड.”

“लई जाळतंय गं.”

“जाळणारच. गिळू नकोस, दहा आकडे मोज.”

जाळ कुठून येतो हे कळलं की तो सोसायला सोपा जातो. तोंडात टीआरपीव्ही१ नावाचे संवेदक असतात. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्यांना चेतवतं तेच हे. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ मध्ये शोधले आणि २०२१ मध्ये ज्युलियस यांना नोबेल मिळालं. एरवी हे संवेदक साधारण ४२ अंशांना ‘भाजलं’ अशी खबर देतात. अल्कोहोल लागलं की हीच मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते. आपल्या तोंडाचं तापमान ३७. म्हणजे त्या क्षणी स्वतःच्याच तोंडाची ऊब आपल्याला भाजत असते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, चाखण्याआधी भडंग, मिरचीचा ठेचा, तांबडा रस्सा यांपैकी काहीही खायचं नाही. जे संवेदक आधीच पेटलेले आहेत त्यांच्यावर तुम्ही साठ टक्के ओतणार. चकणा हवाच असेल तर तो वही मिटल्यावर. दोन तास आधी साधं जेवण, आणि टेबलावर फिका पाव किंवा बिनमसाल्याचे चुरमुरे. दुसरी गोष्ट, पहिल्या घोटावर कधीही मत बनवू नका. पहिला घोट जिभेला ओळख करून देण्यापुरता असतो. अर्धा चमचा घ्या, जिभेवरून गालांपर्यंत फिरवा, थुंका, दोन मिनिटं थांबा. दुसऱ्या घोटाला जाळ निम्म्यावर आलेला असतो आणि त्याच्याखालून चव वर येते.

आता दुसरा घोट जास्त वेळ ठेवा. आधी गोडी, मग धान्य आणि मसाला, शेवटी लाकडाची तुरटी. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. घशाच्या मागून नाकात चढणारा वास सगळ्यात खरा असतो, आणि घाईने पिणारा नेमका याच वासाला मुकतो. घड्याळ पाहा. चव किती वेळ रेंगाळते? अर्धं मिनिट साधारण, दोन मिनिटं उत्तम. पण रेंगाळतं आहे ते काय, हेही लिहा. गूळ, लवंग, कातडं उरलं तर छान. नुसती घशातली जळजळ उरली असेल तर तिला चव म्हणू नका.

ऊब आणि ओरखडा यांत फरक आहे. चांगली कडक बर्बन छातीपर्यंत उबदार उतरते आणि तोंड स्वच्छ राहतं. कच्ची बर्बन टाळूला ओरबाडते आणि नाकात नेलपॉलिशचा झणका ठेवते. तो एथिल ॲसिटेटचा. किंचित असेल तर फळासारखा लागतो, जास्त झाला की दोष.

पाणी

आपल्याकडे पाणी घालणं म्हणजे एकतर पेग भरून टाकणं किंवा कमीपणा पत्करणं. या दोन्हींमुळे कडक बर्बनची खरी पारख कधी होतच नाही. मी लॅबमध्ये शिकले ते हे की ताकद उतरवल्याशिवाय नमुना बोलत नाही. स्कॉटलंडचे ब्लेंडर, म्हणजे व्हिस्क्या मिसळून जुळवणारे जाणकार, तर रोज नमुने २० टक्क्यांवर आणूनच हुंगतात. माझ्या मते साठ टक्क्यांच्या बाटलीची किंमत तिला खाली उतरवतानाच कळते. पायरी-पायरीने पाणी घालत जा आणि पाहा, ती कुठल्या पायरीला उमलते आणि कुठल्या पायरीला विस्कटते.

हिशेब सोपा आहे. ग्लासात ६० टक्क्यांचे १५ मिली आहेत, म्हणजे ९ मिली अल्कोहोल. ३ मिली पाणी घातलं की एकूण १८ मिली, म्हणजे ५० टक्के. आणखी २ मिली घातलं की ४५. मिसळताना आकारमान किंचित आकसतं, पण घरी ते सोडून दिलं तरी चालतं. चाखताना ग्लासातून जे कमी झालं ते मात्र लक्षात घ्यावं लागतं, म्हणून मी दोन ग्लास मांडते. एकातल्या व्हिस्कीत न चाखता पाणी घालत जायचं, दुसरीत पाणी नाही.

पाणी सिरिंजने सावकाश सोडा. अल्कोहोल आणि पाणी मिसळताना थोडी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे लगेच हुंगलं तर विचित्र, विखुरलेला वास येतो. पाच मिनिटं द्या. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातले कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये याचा संगणकावर अभ्यास केला. ग्वायकॉलसारखे वासाचे रेणू कडक मिश्रणात अल्कोहोलच्या रेणूंनी घेरलेले राहतात, आणि पाणी वाढवून ताकद ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आली की पृष्ठभागाकडे येतात, असं त्यांना दिसलं. माझ्या नाकाचा अनुभव याच्याशी जुळतो. साठला नुसती करपलेली साखर देणारी बाटली पन्नासला बेदाणे आणि खोबरं देते, पंचेचाळीसला मका परत येतो.

न गाळलेल्या बर्बनमध्ये पाणी घालून ती ४६ च्या खाली गेली आणि गारवा असला की ग्लासात धुकं दिसतं. घाबरू नका. ती स्निग्ध आम्लांची संयुगं आहेत, चवीला जाडी त्यांच्यामुळेच येते. कारखान्यात बाटली चकचकीत दिसावी म्हणून थंड करून ती गाळून टाकतात.

शेवटी वेगळ्या ग्लासात ५ मिलीला १० मिली पाणी घालून २० टक्क्यांवर आणा आणि फक्त हुंगा. पिऊ नका, चवीला ती पाणचट लागेल. पण दोष झाकायला इथे जागा नसते. ओलं पुठ्ठं, पॉलिश, कच्चं पीठ, जे काही असेल ते समोर येतं.

जोखणं

मी वहीत गुण देते, पण शंभरपैकी ९३ आणि ९४ असा भेद करण्यात मला अर्थ दिसत नाही. दहापैकी पुरे. खरी गोष्ट प्रश्नांत आहे. नाकाने जे सांगितलं ते जिभेने पाळलं का? नाकाला बेदाणे आणि जिभेवर नुसतं लाकूड, असं बऱ्याचदा होतं, विशेषतः फार जुन्या बर्बनमध्ये. कोरं जाळलेलं पिंप जोमदार असतं. पंधरा-अठरा वर्षांनंतर टॅनिन इतकं उतरतं की सुपारी चघळल्यासारखी तुरटी उरते. वयाचा आकडा पाहून भाळणाऱ्यांनी आठ ते बारा वर्षांच्या बाटल्या एकदा शेजारी ठेवून चाखाव्यात. मला याच वयातल्या कडक बाटल्या सर्वांत पूर्ण वाटतात.

दुसरा प्रश्न: पाणी घातल्यावर ती किती पायऱ्या टिकली? पन्नासला चांगली आणि पंचेचाळीसला पांगली, तर ताकदीने ती सावरून धरलेली होती. पंचेचाळीसलाही सुरुवात, मध्य आणि शेवट वेगवेगळे कळत असतील तर धान्य आणि लाकूड दोन्ही उत्तम होतं. या एका कसोटीला मी दहापैकी चार गुण ठेवते. बाकी सहा नाक, जीभ आणि रेंगाळणारी चव यांत वाटून.

तिसरा प्रश्न मका कुठे आहे हा. गूळ, लवंग, खोबरं हे सगळं लाकडाचं देणं. धान्याची गोडी त्याच्याखालून लागत नसेल तर पिंपाने व्हिस्की गिळली. राय असेल तर मिरी आणि पुदिन्यासारखा थंड झोत येतो, गहू असेल तर भाजलेल्या पोळीसारखी मऊ गोडी. लेबल न पाहता एवढं ओळखता आलं की पुढे जाता येतं.

लेबल न पाहता हे शब्दशः घ्या. घरातल्या न चाखणाऱ्या माणसाला दोन ग्लास भरायला सांगा आणि तळाला खुणेचा कागद चिकटवायला सांगा. माझे यजमान हे काम मनापासून करतात. किंमत आणि दुर्मीळपणा डोळ्यांसमोरून गेले की वहीतले शब्द बदलतात.

एका बैठकीवर निकाल देऊ नका. बाटली पहिल्यांदा उघडल्यावर पहिला पेग कधीकधी कर्कश लागतो. दोन-तीन आठवड्यांनी तीच बाटली पुन्हा चाखा आणि जुनी नोंद झाकून नवी लिहा. बाटली उभी ठेवायची, आडवी नाही. इतक्या कडक व्हिस्कीत बूच सतत भिजत राहिलं तर ते खचतं आणि त्याचा वास आत उतरतो. पाव बाटली उरली की हवेचा भाग वाढून चव उतरायला लागते. तेव्हा ती गच्च झाकणाच्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, वर नाव, बॅच, टक्के आणि उघडल्याची तारीख लिहा, आणि मार्चच्या आत संपवा.